कामगारातूनच कारभारी : छोट्या उद्योगातील बढतीचा विचार

आपल्या समाजात नोकरी मिळण्याविषयी जेवढे बोलले जाते, तेवढे नोकरी मिळाल्यानंतरच्या वाटचालीविषयी बोलले जात नाही. मुलगा कुठेतरी चिकटला की आईवडील निश्चिंत होतात, पाहुण्यांत पेढे वाटले जातात. पुढे तोच मुलगा पंधरा-वीस वर्षे त्याच मशीनवर उभा असतो, याकडे मात्र फारसे कोणी लक्ष देत नाही. सरकारी कचेरी, रेल्वे, बँक अशा ठिकाणी बढतीचे नियम छापलेले असतात. सेवाज्येष्ठतेची यादी लागते, परीक्षा होते, मुलाखत होते. परंतु आज आपल्यापैकी फार मोठा वर्ग छोटे कारखाने, दुकाने, छापखाने, गॅरेज अशा ठिकाणी काम करतो. तिथे असा कोणताही नियम भिंतीवर लावलेला नसतो. तिथे बढती ही मालकाच्या मनातली गोष्ट असते. ती कोणाला द्यावी, कशी द्यावी आणि घेणाऱ्याने ती कशी घ्यावी, याचा थोडा विचार या लेखात करण्याचे योजिले आहे.

आम्ही बँकेत लिपिक आहोत. व्यवस्थापनशास्त्राचे पंडित नाही, कला शाखेचे साधे पदवीधर. परंतु वीस वर्षे काउंटरवर बसल्याने छोट्या उद्योजकांची कॅश क्रेडिटची खाती, दर महिन्याचे स्टॉक स्टेटमेंट, पगाराच्या तारखेची धावपळ हे सारे जवळून पाहता आले. मालकही आमच्यासमोर बसून बोलतो आणि पासबुक भरून घ्यायला आलेला त्याचा कामगारही बोलतो. दोन्ही बाजू ऐकल्यामुळेच हे चार शब्द लिहिण्याचे धाडस करीत आहोत.

एकखांबी तंबू

१ एप्रिल २०२५ पासून लागू झालेल्या व्याख्येप्रमाणे यंत्रसामग्रीत अडीच कोटी रुपयांपर्यंत गुंतवणूक आणि वर्षाला १० कोटी रुपयांपर्यंत उलाढाल असलेला उद्योग ‘सूक्ष्म’ समजला जातो. २५ कोटी गुंतवणूक आणि १०० कोटी उलाढालीपर्यंतचा ‘लघु’. कागदावरचे हे आकडे मोठे दिसतात. प्रत्यक्षात आमच्या शाखेत येणारे बहुतेक उद्योग दहा ते तीस माणसांचे असतात. तिथे माल घेणारा मालक, अंदाजपत्रक देणारा मालक, सकाळी कोणाला कोणत्या कामावर लावायचे ते सांगणारा मालक आणि दुपारी बँकेत रांगेत उभा राहणाराही मालकच.

कर्जाच्या नूतनीकरणाच्या वेळी अधिकारी सहज विचारतात, “तुम्ही महिनाभर आजारी पडलात तर कारखाना कोण चालवील?” पुष्कळांचे उत्तर ठरलेले असते : “पोरगा बघेल.” पोरगा पुण्यात संगणकाचे शिक्षण घेत असतो आणि त्याला या लोखंडात काडीचा रस नसतो. मग तंबू एका खांबावर उभा आहे हे लपत नाही. ज्यांच्या भरवशावर दुसरा खांब उभा करायचा, ती माणसे मात्र रोज त्याच शेडमध्ये काम करीत असतात.

दसऱ्याच्या दिवशी दिलेली बढती

एक उदाहरण सांगतो. आमच्या शाखेच्या परिसरातील औद्योगिक वसाहतीत फॅब्रिकेशनचा एक कारखाना आहे. बावीस कामगार. २०१८ सालच्या दसऱ्याला मालकांनी शस्त्रपूजेनंतर सर्वांसमोर आपल्या सर्वांत कुशल वेल्डरच्या गळ्यात हार घातला, हातात नारळ दिला आणि जाहीर केले, “आजपासून हे आपले सुपरवायझर.” टाळ्या झाल्या. माणूस चौदा वर्षांचा जुना, प्रामाणिक, व्यसन नाही. त्याच्या हातच्या जोडाला ग्राहक कधी परत पाठवीत नसत. मालकांचा हेतूही चांगला होता. तरीही पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तो माणूस नोकरी सोडून गेला. मालकांच्या हाती चांगला सुपरवायझर आला नाहीच, पण चांगला वेल्डरही गेला.

काय बिघडले होते? तो जाण्यापूर्वी एकदा पासबुक भरून घ्यायला आला. पासबुक आमच्यापुढे ठेवून म्हणाला, “साहेब, मी मोठा झालो आणि पासबुक बारीक झालं.” हिशेब अगदी सोपा होता. त्याचा पगार १५,००० रुपये. महिन्याचे २६ दिवस आणि रोजचे आठ तास धरले तर तासाला सुमारे ७२ रुपये पडत. जादा कामाला दुप्पट दर, म्हणजे तासाला १४४ रुपये. महिन्याला पंचवीस तास ओटी झाली की वर सुमारे ३,६०० रुपये मिळत. सुपरवायझर झाल्यावर पगार २,५०० रुपयांनी वाढला, परंतु “साहेब लोकांना ओटी नसते” म्हणून ओटी बंद झाली. म्हणजे जबाबदारी वाढली आणि घरी जाणारे पैसे सुमारे १,१०० रुपयांनी घटले. मुलीच्या कॉलेजची फी त्याच ओटीतून भरली जात होती.

पैशापेक्षाही मोठे दुखणे दुसरे होते. सुपरवायझर म्हणजे नक्की काय करायचे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. कोणाला सुट्टी द्यायची, कोणते काम आधी घ्यायचे, खराब माल बाजूला काढायचा की नाही, यातले काहीच त्याच्या हाती नव्हते. तो एकाला एक काम सांगे. थोड्या वेळाने मालक येऊन त्याच माणसाला थेट दुसरे काम सांगत. दोन-चार वेळा असे झाल्यावर पोरे त्याच्याकडे पाहीनाशी झाली. काल एका डब्यात जेवणारे मित्र आता तो आला की गप्प होत. कोणाचे काम मागे पडले तर त्याला सांगून करून घेण्याऐवजी तो स्वतःच मास्क चढवून वेल्डिंगला बसे. रात्री आठ वाजता सगळे गेलेले असत आणि सुपरवायझर एकटाच ठिणग्या उडवीत असे.

हात चांगला म्हणजे नेतृत्व आलेच असे नाही

या प्रसंगात दोष कोणा एकाच्या स्वभावाचा नव्हता. ही चूक जगभर होत आली आहे. लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल यांनी १९६९ साली ‘द पीटर प्रिन्सिपल’ हे पुस्तक लिहिले. त्याचे सार असे की, खालच्या पदावरचे काम चांगले केले म्हणून माणसाला वर चढवीत नेले, तर शेवटी तो अशा पदावर पोचतो की जिथले काम त्याला जमत नाही, आणि तिथेच तो अडकून राहतो. पुस्तक थट्टेच्या अंगाने लिहिलेले होते. परंतु पुढे ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली श्यू या अभ्यासकांनी अमेरिकेतील शंभराहून अधिक कंपन्यांतील विक्रेत्यांच्या नोंदी तपासल्या. त्यांचा निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाला. ज्यांची विक्री सर्वांत जास्त त्यांनाच कंपन्या व्यवस्थापक करीत होत्या, आणि नेमक्या अशांच्या हाताखालच्या माणसांची कामगिरी सरासरीने खालावत होती.

कारण उघड आहे. वेल्डिंग करणे आणि वेल्डिंग करवून घेणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात स्वतःचा हात स्थिर लागतो, दुसऱ्यात दुसऱ्याचा हात स्थिर होईपर्यंत थांबण्याचा धीर लागतो. पुष्कळदा उत्तम कारागिराला इतरांचा संथपणा सोसवत नाही. दुसऱ्याला समजावण्यात दहा मिनिटे घालवण्यापेक्षा स्वतः पाच मिनिटांत करून टाकणे त्याला सोपे वाटते. कारागीर म्हणून जो त्याचा गुण, तोच इथे अडचण होऊन बसतो.

मग बाहेरचा माणूस आणावा काय?

असे अनुभव आले की मालक म्हणतो, “आपल्यात कोणी तयारच नाही, बाहेरून शिकलेला माणूस आणू.” कधी कधी ते आवश्यकही असते. नवे यंत्र आले आणि ते चालवण्याचे ज्ञान कोणालाच नसेल, तर बाहेरचा माणूस आणावाच लागतो. परंतु बाहेरचा म्हणजे हमखास चांगला, ही समजूत खरी नाही. मॅथ्यू बिडवेल या अभ्यासकाने अमेरिकेतील एका गुंतवणूक बँकेच्या नोंदी तपासून २०११ साली दाखवून दिले की, बाहेरून आणलेल्यांना आतून बढती मिळालेल्यांपेक्षा सुमारे १८ ते २० टक्के जास्त पगार द्यावा लागत होता. तरीही पहिली दोन वर्षे त्यांचे काम आतल्यांपेक्षा कमी प्रतीचे ठरले आणि नोकरी सोडून जाण्याचे प्रमाणही त्यांच्यात अधिक होते.

आपल्या छोट्या कारखान्यात तर हे अधिकच जाणवते. कोणते मशीन पावसाळ्यात कुरकुर करते, कोणता ग्राहक ड्रॉइंगमध्ये शेवटच्या क्षणी बदल करतो, कोणता पुरवठादार वजनात मारतो, हे ज्ञान कुठल्याही वहीत लिहिलेले नसते. ते जुन्या माणसाच्या डोक्यात असते. बाहेरचा माणूस ते शिकेपर्यंत वर्ष जाते. शिवाय दहा वर्षे राबलेल्यांच्या डोक्यावर परका माणूस आणून बसवला की बाकीचे मनातून समजतात, “इथे आपल्याला पुढे वाट नाही.” त्यानंतर चांगली माणसे एकेक करून निघून जातात.

निवड कोणाची करावी?

आम्ही पाहिलेल्या उद्योगांवरून काही खुणा सांगता येतात. अडचण आली की बाकीची पोरे मालकाकडे जाण्याआधी कोणाकडे जातात, हे पाहावे. तो माणूस पदाविना पुढारी झालेलाच असतो. नवा हेल्पर आला की त्याला कोण शिकवतो आणि शिकवताना कोण ओरडत नाही, हेही पाहावे. चूक झाली तर ती लपवणारा कोण आणि “माझ्याकडून झालं” म्हणणारा कोण, याची नोंद मनात ठेवावी. हजेरी, मोजमाप, चलन लिहिण्याइतके अक्षरज्ञान हवे. पण ते कमी असेल तर शिकवता येते. समोरच्याचा मान राखण्याची वृत्ती शिकवणे फार कठीण.

इथे एक कडू गोष्ट बोलणे आवश्यक वाटते. छोट्या उद्योगात निवड पुष्कळदा ‘आपला माणूस’ या एका शब्दावर होते. आपला म्हणजे नात्यातला, गावातला, जातीतला. मालकाच्या मेहुण्याचा मुलगा दुसऱ्या वर्षी सुपरवायझर होतो आणि त्याला काम शिकवणारा वस्तीतला जुना फिटर त्याच्याच हाताखाली हजेरी लावतो. तिन्ही बाजूंची कामे येत असूनही या फिटरचे नाव कोणाच्या डोक्यातच येत नाही. तीच गत स्त्रियांची. पॅकिंग विभागात बारा बायका काम करतात आणि त्यांच्यावर देखरेखीला एक पुरुष ठेवला जातो, ज्याला पॅकिंगचा गंधही नसतो. हा अन्याय तर आहेच. पण धंद्याच्या दृष्टीनेही तोटा आहे, कारण बावीसपैकी चौघांतूनच निवड केली, तर उरलेल्या अठरांतला लायक माणूस वाया जातो. म्हणून निवडीचे निकष आधी चार ओळींत लिहून काढावेत आणि प्रत्येकाचे नाव त्या निकषांना लावून पाहावे. आम्हाला वाटते, निम्मा पक्षपात तिथेच गळून पडेल.

तयारी आधी, हार नंतर

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेसमोर मोठा प्रश्न उभा राहिला. कारखाने भराभर वाढत होते, अनुभवी माणसे सैन्यात जात होती आणि नवख्या कामगारांना सांभाळण्यासाठी हजारो मुकादम हवे होते. तेव्हा १९४० साली सुरू झालेल्या आणि १९४५ पर्यंत चाललेल्या ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ या योजनेत सोळा लाखांहून अधिक लोकांना शिकवले गेले. एकेक पाठ दहा तासांचा, दोन-दोन तासांच्या पाच बैठकांत संपणारा. युद्धानंतर ही पद्धत जपानी कारखान्यांनीही उचलली. तिच्यात मोठे तत्त्वज्ञान नव्हते; मुकादमाला काम कसे शिकवावे, काम कसे सुधारावे आणि माणसे कशी सांभाळावीत, एवढेच होते.

काम शिकवण्याच्या चार पायऱ्या त्यात सांगितल्या आहेत. प्रथम शिकणाऱ्याच्या मनातली भीती घालवायची आणि त्याला काय येते ते विचारायचे. मग काम एकेक टप्प्याने करून दाखवायचे आणि प्रत्येक टप्प्याचे मर्म सांगायचे. नंतर त्याच्याकडून करून घ्यायचे आणि करता करता त्यालाच समजावून सांगायला लावायचे. शेवटी त्याला मोकळे सोडायचे, पण कोणाला विचारायचे ते सांगून ठेवायचे आणि मधून मधून पाहत राहायचे. शिकणाऱ्याला आले नाही तर उणीव शिकवणाऱ्याची, ही त्यामागची भूमिका. माणसे सांभाळण्याच्या पाठातही साध्याच गोष्टी आहेत : प्रत्येकाला त्याचे काम कसे चालले आहे ते कळू द्यावे, चांगल्या कामाचे श्रेय वेळेवर द्यावे, ज्याच्यावर परिणाम होणार आहे त्याला बदल आधी सांगावा आणि प्रत्येकाच्या अंगच्या गुणाचा उपयोग करून घ्यावा.

आपल्याकडे हे कसे करावे? आमच्या मते बढती एका दिवसात देऊ नये. आधी माणसाला बाजूला बसवून विचारावे, “तुम्हाला हे काम आवडेल का?” होकार आला तर तीन महिने त्याच्याकडे एकेक जबाबदारी सोपवावी. पहिल्या महिन्यात हजेरीपट आणि कामाची वाटणी, दुसऱ्यात मालाची तपासणी आणि चलन, तिसऱ्यात ग्राहकाशी बोलणे. दर शनिवारी अर्धा तास मालकाने त्याच्यासोबत बसावे. अधिकार कागदावर लिहून द्यावेत. एक दिवसाची सुट्टी तो देऊ शकतो, अमुक रुपयांपर्यंतचे किरकोळ सामान न विचारता आणू शकतो, खराब माल थांबवू शकतो, असे स्पष्ट. हा कागद सर्वांना वाचून दाखवावा. त्यानंतर मालकाने स्वतःला एक बंधन घालून घ्यावे : कामगाराला थेट काम सांगायचे नाही, सुपरवायझरमार्फतच सांगायचे. हे बंधन पाळणे मालकाला सर्वांत अवघड जाते, आणि बढती टिकणे बहुतांशी त्यावरच अवलंबून असते.

परतीची वाटही आधीच ठरवून ठेवावी. तीन महिन्यांनी काम जमले नाही तर पूर्वीच्या जागी, पूर्वीच्या पगारावर, कोणतीही मानहानी न होता परत येता येईल, असे दोघांत ठरलेले असावे. तसेच ज्याचा हात सोन्याचा आहे पण माणसे सांभाळण्याची आवड नाही, त्याच्यासाठी वेगळी शिडी असावी. त्याला ‘वरिष्ठ वेल्डर’ करावे, पगार वाढवावा, अवघड जोड त्याच्याकडे द्यावेत. मोठे होण्यासाठी प्रत्येकाने मुकादमच व्हावे असे नाही.

पगार, कायदा आणि कागद

आता थोडे हिशेबाचे. मालकाने आणि कामगारानेही काही गोष्टी आधीच जाणून घ्याव्यात.

पहिली गोष्ट ओटीची. गेल्या बारा महिन्यांत त्या माणसाला ओटीसह सरासरी किती मिळाले ते काढावे आणि नवा पगार त्याहून जास्त असावा. नुसते मूळ पगारावर अडीच हजार वाढवून मोकळे होऊ नये.

दुसरी गोष्ट कर्मचारी राज्य विमा योजनेची. १ जानेवारी २०१७ पासून या योजनेची पगाराची मर्यादा २१,००० रुपये ठरली. बढतीने पगार मर्यादेपलीकडे गेला, तर चालू अंशदान कालावधी संपेपर्यंत, म्हणजे ३० सप्टेंबर किंवा ३१ मार्चपर्यंत, वर्गणी चालू राहते. पुढे माणूस योजनेबाहेर जातो. घरात आजारी आई असेल तर हा फटका पगारवाढीपेक्षा मोठा ठरतो. अशा वेळी मालकाने आरोग्य विम्याची सोय बढतीसोबतच करावी.

तिसरी गोष्ट ग्रॅच्युइटीची. दहा किंवा अधिक माणसांच्या आस्थापनेत ती लागू होते आणि तिचा हिशेब शेवटच्या पगारावर होतो : मूळ पगार अधिक महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षे. अठरा वर्षे सेवा झालेल्याचा असा पगार १४,००० असेल तर ही रक्कम सुमारे १,४५,३८५ रुपये होते. बढतीने तो २०,००० झाला तर सुमारे २,०७,६९२ रुपये. म्हणजे मागच्या सर्व वर्षांची किंमत वाढते. कामगाराचा हा मोठा लाभ आहे आणि मालकाने त्याची तरतूद करून ठेवली पाहिजे.

चौथी गोष्ट कायद्यातील दर्जाची. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात देखरेखीचे काम करणारा आणि ठरावीक रकमेहून अधिक पगार घेणारा माणूस ‘कामगार’ या व्याख्येतून वगळला जात असे. ही मर्यादा २०१० साली १०,००० रुपये झाली. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने ती १८,००० रुपयांवर नेली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये ती संहिता अमलात आली. म्हणून काही ठिकाणी नुसते ‘सुपरवायझर’ नाव देऊन ओटी आणि संरक्षण दोन्ही काढून घेण्याची युक्ती केली जाते. परंतु नाव काय दिले यापेक्षा माणूस प्रत्यक्षात काय काम करतो, हेच न्यायालये पाहत आली आहेत. तेव्हा नेमणुकीचे पत्र मागून घ्यावे, त्यात कामाचे स्वरूप लिहिलेले आहे का ते वाचावे आणि मगच सही करावी.

लाटणे हाती घेतलेल्यांचा कारभार

आतल्याच माणसातून नेतृत्व उभे करण्याचे आपल्या मुंबईतले उदाहरण सर्वांना ठाऊक आहे, पण त्या दृष्टीने आपण त्याकडे पाहत नाही. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपयांच्या उसनवारीवर पापड लाटण्यास सुरुवात केली. तीच पुढे ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ ही संस्था झाली. आज चाळीस हजारांहून अधिक भगिनी तिच्याशी जोडलेल्या आहेत. त्या सात जणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली.

या संस्थेत काम करणारी प्रत्येक भगिनी सभासद आणि मालकीण असते. शाखेची संचालिका या भगिनींतूनच पुढे येते आणि मध्यवर्ती कारभार पाहणारी २१ जणींची समितीही त्यांच्यातलीच. जी आज शाखा सांभाळते तिने पीठ मळणे, पापड लाटणे, तपासून घेणे हे सारे स्वतः पाहिलेले असते. त्यामुळे तिला कोणी फसवू शकत नाही आणि लाटणारीलाही ती परकी वाटत नाही. लिज्जत ही सभासदांची संस्था आहे, एका मालकाचा कारखाना नव्हे, हा फरक आहेच. तरीही फारसे शिक्षण नसलेल्या स्त्रियांना वर्षानुवर्षे जबाबदारी दिली तर त्या हिशेब, दर्जा आणि माणसे तिन्ही सांभाळू शकतात, हा धडा कोणत्याही मालकाने घ्यावा असा आहे.

आमचा स्वतःचा अनुभव

इथे आमच्याविषयीही सांगणे प्रामाणिकपणाचे होईल. २०१४ साली अधिकारीपदाच्या परीक्षेचे परिपत्रक आले तेव्हा वरिष्ठांनी अर्ज करण्यास सांगितले. त्या वर्षी आई अंथरुणाला खिळलेली होती आणि बढती म्हणजे परजिल्ह्यात बदली हे ठरलेले. आम्ही नकार दिला. नकाराचे दुःख वाटले नाही. दुःख याचे वाटले की त्यानंतर पुन्हा कोणी विचारले नाही. दोन वर्षांनी आई गेली, परिस्थिती बदलली. परंतु ‘यांना बढती नको असते’ हा शिक्का कायम राहिला. चूक आमचीही होती. आम्हीही तोंड उघडून सांगितले नाही.

म्हणून मालकांना सांगावेसे वाटते की एकदा नाही म्हणणारा माणूस कायमचा नाही म्हणत नसतो. दरवर्षी पुन्हा विचारा. आणि नोकरी करणाऱ्या बांधवांनो, आपली इच्छा आपणच बोलून दाखवली पाहिजे. मनातली गोष्ट मालकाला स्वप्नात दिसत नाही.

दुसरा प्रयत्न

त्या फॅब्रिकेशन कारखान्याचे पुढे काय झाले, ते सांगून लेख आवरतो. मालक पहिल्या चुकीने बरेच शिकले. २०२२ साली त्यांनी एक शांत स्वभावाचा फिटर निवडला. नऊ वर्षांची नोकरी, दहावी नापास, पण नवी पोरे अडली की त्याच्याकडेच जात. हार-नारळ काही झाला नाही. तीन महिने त्याने मालकांसोबत बसून हजेरी, ड्रॉइंग, चलन शिकून घेतले. पगार ओटीचा हिशेब करून ठरला. अधिकारांचा कागद नोटीस बोर्डवर लागला. ज्या दोघांची निवड झाली नाही त्यांना मालकांनी स्वतः बोलावून कारण सांगितले आणि त्यातल्या एकाचा पगार ‘वरिष्ठ वेल्डर’ म्हणून वाढवला.

सगळे सुरळीत झाले असे नाही. चौथ्याच महिन्यात भोकांच्या अंतरात चूक होऊन बारा ब्रॅकेट भंगारात गेले. मालक आम्हाला म्हणाले, “जिभेवर शिवी आली होती, गिळली.” संध्याकाळी सर्व गेल्यावर दोघे बसले, चूक कुठे झाली ते शोधले आणि दुसऱ्या दिवसापासून पहिला नग मोजल्याशिवाय पुढचे काम सुरू करायचे नाही, असा नियम त्या फिटरनेच घातला. पुढच्या वर्षी मालक मुलीच्या लग्नासाठी आठ दिवस कारखान्याबाहेर राहिले. स्टॉक स्टेटमेंट घेऊन बँकेत तोच आला. इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, आकडे नीट मांडलेले. आम्ही शिक्का मारून पोच दिली तेव्हा त्याने ती दोनदा वाचली.

पहिला वेल्डर आज दुसऱ्या कारखान्यात वेल्डिंगच करतो आणि समाधानी आहे. तो भेटला की आम्हाला वाटते, दोष त्याच्यात नव्हता. त्याला न विचारता, न शिकवता, हिशेब न करता वर चढवले गेले होते.

विद्यार्थी मित्रांनी या साऱ्यातून एवढे ध्यानात ठेवावे की पहिली नोकरी छोटी असली तरी कमीपणाची नाही. तिथे शेजारच्या मशीनचे कामही शिका, मोजमाप आणि हिशेब वहीत लिहायची सवय लावा, मागून आलेल्याला हात द्या आणि वेळ आली की “मला जबाबदारी हवी” असे स्पष्ट सांगा. आणि ज्या बांधवांनी स्वतःचा छोटा उद्योग उभा केला आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर आपल्या कामगारांची यादी काढावी, प्रत्येक नावापुढे त्याला काय येते ते लिहावे आणि त्यातल्या एकाला येत्या शनिवारी अर्धा तास समोर बसवावे.